घरच्या स्टुडिओत सूर अडतो कुठे?

कीबोर्डचा दिवा लागलेला असतो, यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडलेली असते, पडद्यावर क्यूबेस किंवा एफएल स्टुडिओ उघडलेलं असतं. कळ दाबली, की काहीच ऐकू येत नाही. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते. पहिला संशय कीबोर्डवर जातो, दुसरा साउंड कार्डावर, आणि लगेच मनात नव्या खरेदीचा हिशेब सुरू होतो. माइक, साउंड कार्ड, मॉनिटर स्पीकर आणि मिडी कीबोर्ड एका लहान खोलीत मांडणं आता अवघड राहिलेलं नाही. भजनी मंडळातला गायक, ऑर्केस्ट्रातला ऑक्टापॅडवाला, चाली बांधणारी कॉलेजातली मुलगी, कुणीही ते मांडतं. पण मोठ्या स्टुडिओत या सामानाच्या मागे एक तंत्रज्ञ उभा असायचा, तो काही सामानाबरोबर घरी आला नाही. त्यामुळे बिघाड नेमका कुठे आहे, हे ओळखण्याचं काम गाणाऱ्या-वाजवणाऱ्यावरच येऊन पडलं आहे.

या सगळ्या तक्रारी एकत्र मांडून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. यंत्र स्वतः मेलेलं असणं फार कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा दोन यंत्रांमधला सांधा निखळलेला असतो. तो सांधा म्हणजे कधी वायर असते, कधी सेटिंग, कधी अर्थिंग. आपल्याकडे त्यात विजेचा आणि पावसाळ्याचा वाटा फार मोठा आहे. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ मात्र हे दोन विषय दोन वाक्यांत उरकतात.

सुरुवात मिडीपासून करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. जाते ती नोटेशनच्या वहीतल्या ओळीसारखी सूचना: अमुक क्रमांकाचा सूर, इतक्या जोराने, आता सुरू, आता बंद. तो सूर प्रत्यक्ष वाजवायचा कुणी, हे पलीकडच्या यंत्राने किंवा सॉफ्टवेअरने ठरवायचं. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये ही पद्धत जाहीर झाली. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली ती तेव्हापासून. २०१३ मध्ये या दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मूळ रचना इतकी साधी आणि नेटकी होती, की आजही तेच ० ते १२७ आकडे, तेच १६ चॅनेल आणि सेकंदाला ३१,२५० बिट हाच वेग पाच पिनांच्या वायरमधून चालू आहे.

म्हणून ‘आवाज येत नाही’ ही तक्रार आली, की पहिला प्रश्न असा: सूचना पोहोचत नाही, की सूचना पोहोचूनही आवाज निघत नाही? कळ दाबल्यावर सॉफ्टवेअरमधली मिडीची खूण लुकलुकत असेल, तर कीबोर्ड, वायर आणि ड्रायव्हर तिन्ही ठीक आहेत. त्यांना हात लावू नये. मग दोष पुढे आहे. ट्रॅकवर वाद्य लावलेलं नसेल, ट्रॅकचं रेकॉर्ड किंवा मॉनिटर बटण दाबलेलं नसेल, किंवा आवाज साउंड कार्डाऐवजी लॅपटॉपच्या स्पीकरकडे जात असेल. खूण लुकलुकतच नसेल तर दोष अलीकडे. पडताळणीच्या या एका पायरीने निम्मी साखळी संशयातून सुटते. उरलेल्या निम्म्या साखळीचे पुन्हा दोन भाग करायचे. कुठलाही बिघाड शोधण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं पथ्य मात्र पाळावं लागतं. वायर, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलले आणि आवाज आला, तर दोष कशात होता हे कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो परत येतो.

अलीकडच्या बाजूचे दोष बहुतेक ठरलेले आहेत. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या काही यूएसबी वायरींत फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. अशा वायरने कीबोर्डचा दिवा लागतो, पण संगणकाला कीबोर्ड दिसतच नाही. यूएसबीला जोडायच्या स्वस्त मिडी वायरींवर ‘इन’ आणि ‘आउट’ छापलेलं असतं, पण ते वायरीच्या बाजूने की वाद्याच्या बाजूने, याबद्दल कंपन्यांत एकमत नाही. दोन्ही टोकं अदलाबदल करून पाहावी. त्याने काहीही जळत नाही. पाच पिनांच्या जोडणीत एकाचा आउट दुसऱ्याच्या इनमध्ये जातो. आउटला आउट जोडून बसलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. विंडोजवर अनेक मिडी ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रामला पोर्ट वापरू देतात. त्यामुळे मागे दुसरं एखादं संगीताचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं असेल, तर नव्याला कीबोर्ड सापडत नाही. आणि चॅनेल: कीबोर्ड चौथ्या चॅनेलवर पाठवतोय आणि वाद्य पहिल्यावर कान लावून बसलंय, तर दोघंही ठणठणीत असून गाठ पडत नाही.

आवाज येतो पण विचित्र येतो, ही तक्रारींची दुसरी शाखा. ज्या कीबोर्डला स्वतःचा आवाज आहे तो संगणकाला जोडला, की एका कळीला दोन सूर वाजू लागतात. एक कीबोर्डचा आतला, दुसरा संगणकाकडून फिरून परत आलेला. दोघांत काही मिलिसेकंदांचं अंतर असल्यामुळे सूर पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. कीबोर्डच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ बंद केलं की हे थांबतं. तेच लोकल कंट्रोल बंद ठेवून कार्यक्रमाला गेलं, तर व्यासपीठावर कीबोर्ड मुका होतो. ऐन प्रवेशाच्या वेळी कीबोर्ड ‘बिघडतो’, त्यामागे कित्येकदा एवढंच असतं. सूर अडकून वाजतच राहणं हे त्याच्या उलट. सूर सुरू करण्याची सूचना पोहोचली, बंद करण्याची वाटेत हरवली. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘पॅनिक’ बटण असतं, ते कुठे आहे हे आधीच पाहून ठेवावं. सस्टेन पेडल उलटं चालतं, म्हणजे पाय काढला की सूर लांबतो, तेव्हा पेडल खराब नसतं. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती पाहून त्याची दिशा ठरवतात. पेडलवर पाय ठेवून किंवा कीबोर्ड चालू झाल्यावर पेडल जोडलं, तर हिशेब उलटा बसतो. बंद करावं, पेडल जोडावं, पाय दूर ठेवावा, चालू करावं.

मध्य सप्तकाचा घोळही इथलाच. मिडीत मधली पांढरी एक म्हणजे क्रमांक ६०, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पण यामाहा त्याला सी-३ म्हणते आणि रोलँड सी-४. एका कंपनीच्या पुस्तिकेत वाचून दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डवर कळ शोधली, तर अख्ख्या सप्तकाचा फरक पडतो. नाव सोडून क्रमांक पाहावा.

ऑक्टापॅडवर थोडं थांबायला हवं, कारण गणेशोत्सवापासून हळदीच्या कार्यक्रमापर्यंत महाराष्ट्रात हे वाद्य जितकं रुळलं आहे, तितकी त्याच्या जोडणीची माहिती रुळलेली नाही. रोलँडने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड आणला, त्यात स्वतःचा आवाज नव्हताच; तो फक्त मिडीच्या सूचना पाठवायचा. म्हणजे संगणकाला जोडून वाजवणं हा या वाद्याचा मूळ धर्म आहे. तरीही आजचा ऑक्टापॅड लॅपटॉपला जोडला की ढोलाच्या पॅडवर झांज वाजते आणि झांजेच्या पॅडवर काहीच वाजत नाही. कारण प्रत्येक पॅड एक क्रमांक पाठवतो आणि पलीकडे त्या क्रमांकावर काय ठेवलंय हे पलीकडचं सॉफ्टवेअर ठरवतं. १९९१ च्या जनरल मिडी ठरावानुसार तालवाद्यं दहाव्या चॅनेलवर असतात. ३६ वर बास ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट. पण तबला, ढोलकी, संबळ यांच्यासाठी असा कोणताही सर्वमान्य तक्ता नाही. प्रत्येक निर्मात्याने आपापली मांडणी केली आहे. म्हणून ऑक्टापॅडवाल्याने आपल्या प्रत्येक पॅडचा क्रमांक मिडी मॉनिटरवर पाहून कागदावर उतरवावा आणि त्याप्रमाणे सॉफ्टवेअरमध्ये नकाशा बनवून जतन करावा. तासाभराचं काम आहे, पण ते एकदाच करावं लागतं. मराठी तालवाद्यांसाठी कुणीतरी असा एक समान तक्ता मांडून तो सगळ्यांनी स्वीकारावा, असं मला मनापासून वाटतं. संबळ आणि ढोलकीचे नमुने आता पुष्कळ तयार होत आहेत. तक्ता नसल्यामुळे एकाचं वाजवणं दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की ओळखू येत नाही.

एका फटक्याला दोन आवाज येणं किंवा शेजारचा पॅड आपोआप वाजणं हा ऑक्टापॅडचा दुसरा नेहमीचा त्रास. स्टँड हलतो, शेजारी मोठा स्पीकर असतो, त्याची कंपनं पॅडच्या आतल्या सेन्सरपर्यंत जातात. मेनूतला थ्रेशोल्ड थोडा वर घ्यावा, पुन्हा वाजण्याआधीचा मास्क टाइम किंचित वाढवावा. फार वाढवला तर द्रुत लयीतले खरे फटकेही गिळले जातात. तेव्हा आधी स्टँडचे स्क्रू आवळून पाहणं चांगलं.

आता उशीर, म्हणजे लेटन्सी. संगणक आवाजाचं काम एकेका नमुन्याने करत नाही, गठ्ठ्याने करतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि २५६ चा बफर असेल, तर एका दिशेचा उशीर सुमारे ५.८ मिलिसेकंद, १,०२४ चा असेल तर २३. आवाज आत यायचा आणि बाहेर जायचा म्हटल्यावर हा आकडा दुप्पट होतो आणि वर यंत्रांचा स्वतःचा थोडा उशीर. २३ चे ४६ झाले म्हणजे काय होतं ते तबल्याच्या हिशेबात पाहू. मिनिटाला २४० मात्रांची लय धरली तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. मात्रेत चार बोल आले तर एकेका बोलाला ६२ मिलिसेकंद. म्हणजे हेडफोनमध्ये आपला बोल ऐकू येतो तेव्हा पुढचा बोल निम्म्याहून जास्त जवळ आलेला असतो. असं कुणालाच वाजवता येणार नाही, आणि वाजवणाऱ्याला मात्र आपलाच हात लयीत बसत नाही असं वाटून तो खचतो. उलट, स्पीकर एक मीटर दूर असला तरी आवाज पोहोचायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतातच. तेव्हा पाच-सात मिलिसेकंदांवरून जीव जाळण्याचंही कारण नाही.

रेकॉर्डिंगच्या वेळी बफर ६४ किंवा १२८, मिक्सिंगच्या वेळी ५१२ किंवा त्याहून जास्त, हा साधा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो. विंडोजवर साउंड कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर वापरायलाच हवा. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजच्या मधल्या थरांना वळसा घालून जाते. साउंड कार्डावर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल, तर गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून फिरवून ऐकवण्याची गरजच उरत नाही. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला चालत नाहीत. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि कुठल्याही सेटिंगने तो जात नाही. बफर कमी ठेवूनही उशीर वाटत असेल, तर मास्टर ट्रॅकवरचे प्लग-इन बंद करून पाहावेत. काही लिमिटर आणि इक्वलायझर पुढचा आवाज आधी पाहून काम करतात, आणि त्यासाठी ते सगळं गाणं थांबवून धरतात.

बफर कमी केला की कधी कधी तडतड सुरू होते. संगणकाला गठ्ठा वेळेत भरता येत नाही, म्हणून मधे फट पडते. प्रोसेसर कमकुवत आहे असं वाटतं, पण बऱ्याचदा वायफायचा ड्रायव्हर मधेच वेळ खात असतो, किंवा लॅपटॉप वीज वाचवण्याच्या सेटिंगवर असतो. आपल्याकडे हे वारंवार घडतं त्याला एक खास कारण आहे. चार्जर लावला की स्पीकरमधून गुणगुण येते, म्हणून लोक चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्डिंग करतात. बॅटरीवर लॅपटॉप आपला वेग कमी करतो, आणि तडतड सुरू होते. एका दोषावरचा तात्पुरता उपाय दुसऱ्या दोषाला जन्म देतो. मूळ दुखणं विजेच्या जोडणीत आहे, तिथे आपण येणारच आहोत.

त्याआधी एक छोटा पण फसवा दोष. गाणं ४८,००० नमुन्यांच्या सेटिंगवर रेकॉर्ड केलं आणि ४४,१०० वर वाजवलं, तर ते हळू आणि खालच्या पट्टीत वाजतं. फरक सुमारे दीड सुराचा, म्हणजे हार्मोनियमच्या दीड कळीचा. पांढरी पाचमधलं गाणं पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध कुठेतरी जाऊन बसतं. कुठल्याच कळीशी जुळत नाही. पाच मिनिटांचं गाणं २६ सेकंदांनी लांबतं. हार्मोनियमवाला पेटीला दोष देतो, गायक स्वतःच्या गळ्याला. दूरच्या मित्राकडून ट्रॅक मागवून त्यावर गाताना हा घोळ नेहमी होतो. सुरुवातीलाच दोघांनी एकच आकडा ठरवावा. संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये आणि साउंड कार्डात तोच आकडा आहे ना, हेही पाहावं.

आता गुणगुण. घरच्या स्टुडिओतला हा सर्वांत चिवट आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. तंबोरा पांढरी पाचला लावला असेल, तर त्याचा खर्ज ९८ हर्ट्झचा. म्हणजे गुणगुण त्याच्या अगदी अंगाला घासून, सेकंदाला दोन आंदोलनं घेत राहते. रेकॉर्डिंग करताना ती तंबोऱ्यात मिसळून जाते, लक्षात येत नाही. नंतर तंबोरा कमी केला की उघडी पडते, आणि तेव्हा गाणारा घरी गेलेला असतो.

ही गुणगुण येते कुठून? लॅपटॉप एका सॉकेटवर, मॉनिटर स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटवर, आणि दोघांना जोडणारी आवाजाची वायर. दोन्ही यंत्रं अर्थिंगशी जोडलेली असतात, आणि वायरीच्या वरच्या जाळीतूनही एकमेकांशी जोडलेली असतात. असा बंद फेरा तयार झाला, की अर्थिंगमधला किरकोळ प्रवाह त्यातून फिरतो आणि स्पीकरला तो आवाज वाटतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. इथे पुन्हा १९८३ मधल्या त्या रचनेकडे पाहावंसं वाटतं. पाच पिनांच्या मिडीत सूचना एका ऑप्टो-आयसोलेटरमधून, म्हणजे आतल्या प्रकाशाच्या झोतातून पलीकडे जाते. दोन यंत्रांमध्ये तारेचा सलग मार्ग राहतच नाही. जाळीची पिनसुद्धा फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूला जोडायची असा नियम आहे. वाद्यं जोडली की गुणगुण येणार, हे त्या लोकांनी ओळखलं होतं. यूएसबी आल्यावर जोडणी सोपी झाली, पण हे संरक्षण गेलं. यूएसबीने जोडलेला कीबोर्ड आणि त्याच कीबोर्डमधून मिक्सरला नेलेली आवाजाची वायर, एवढ्यानेच फेरा पूर्ण होतो.

उपाय पायरीपायरीने करावा. आधी सगळं सामान एकाच चांगल्या एक्सटेन्शन बोर्डवर आणावं; निम्म्या घरांत एवढ्यावरच भागतं. मग साध्या वायरींऐवजी बॅलन्स्ड वायरी वापराव्यात, निदान स्पीकरपर्यंत तरी. तरीही राहिलं तर कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स लावावा. यूएसबी आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, पण स्वस्त डब्या बहुतेक १२ मेगाबिटच्याच असतात. मिडी कीबोर्डला तेवढं पुरतं, बऱ्याच साउंड कार्डांना पुरत नाही. घेण्याआधी विचारून घ्यावं.

एक उपाय मात्र कधीही करू नये, आणि तोच आपल्याकडे सर्वांत जास्त केला जातो. प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायची किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घुसवायचा. गुणगुण थांबते हे खरं. पण आत बिघाड होऊन यंत्राच्या धातूच्या अंगावर वीज आली, तर तिला जमिनीकडे जायला वाट उरत नाही, आणि माइकला ओठ लावून गाणारा माणूस ती वाट होतो. माइकला ओठ लागल्यावर किंवा लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवल्यावर झिणझिण्या येत असतील, तर रेकॉर्डिंग थांबवून आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा. जुन्या इमारतींत, चाळींत, गावाकडच्या घरांत तीन छिद्रांचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, असं सर्रास आढळतं. इलेक्ट्रिशियनला मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगावं. ते दोन-चार व्होल्टच्या आत असावं. पंचवीस-तीस दिसलं, तर अर्थिंग नावापुरतं आहे. चांगल्या माइकवर खर्च करण्याआधी घरमालकाशी किंवा सोसायटीशी बोलून हे काम करून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. आवाज सुधारतो हा वरचा फायदा. माणूस सुरक्षित राहतो हा खरा.

गुणगुणीचे इतरही नातेवाईक आहेत. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचे डिमर विजेची लहर मधेच कापतात, त्याची खरखर गिटारच्या पिकअपमध्ये आणि लांब वायरींत शिरते. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद ठेवला की ती जाते. वीज गेल्यावर चालणारा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्यावर रेकॉर्डिंग होणं कठीण; साइन वेव्हचा असेल तर निभतं. माउस हलवला की स्पीकरमधून किर्र आवाज येतो, तो संगणकाच्या आतल्या विजेचा. साउंड कार्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टवर किंवा स्वतःच्या अडॅप्टरवर चालवून पाहावं. अडॅप्टर बदलताना व्होल्टेजबरोबर पिनची दिशाही पाहावी. काहींत मधली पिन धन असते, काहींत ऋण, आणि प्लग मात्र दोन्हींत सारखाच बसतो. चुकीच्या अडॅप्टरने मेलेलं यंत्र हे या लेखातल्या मोजक्या खऱ्या मृत्यूंपैकी एक.

माइकच्या तक्रारी त्या मानाने सोप्या. कंडेन्सर माइकला साउंड कार्डावरचं ४८ व्होल्टचं बटण लागतं. ते दाबलं नाही तर माइक मुका. डायनॅमिक माइकला ते लागत नाही. कंडेन्सर माइक एका टोकाला मोठा जॅक असलेल्या वायरने लाइन इनपुटला जोडला, तर बटण दाबूनही वीज माइकपर्यंत जात नाही. बटण दाबण्याआधी स्पीकर बंद करावेत. सगळं ठीक असून सॉफ्टवेअरमध्ये रेघ सपाट राहिली, तर संगणकाची परवानगी तपासावी. विंडोजमध्ये माइकचा वापर सेटिंगमधून अडवता येतो, आणि मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून प्रत्येक प्रोग्रामला माइकची वेगळी परवानगी द्यावी लागते. एकदा चुकून ‘नको’ म्हटलं, की नंतर तो प्रोग्राम पुन्हा विचारत नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळा अध्याय. जुलैत मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. कंडेन्सर माइकच्या आतला पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यात अतिशय क्षीण विद्युतभार असतो. तिथे दमटपणा बसला की भार गळतो आणि माइकमधून फटफट, चिरचिर असे आवाज येतात. लोक माइक जळला असं समजतात. बहुतेक वेळा तो कोरड्या, उबदार जागी दिवसभर ठेवल्यावर बरा होतो. पावसाळ्यात कंडेन्सर माइक स्टँडवर लावून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवाव्यात. कॅमेरेवाले बुरशीपासून लेन्स वाचवण्यासाठी जे कोरडं कपाट वापरतात, त्यात माइकही उत्तम राहतात.

कीबोर्डच्या कळी मरणं किंवा एखादी कळ हलकी दाबूनही कर्कश वाजणं, यामागेही हाच दमटपणा आणि धूळ. प्रत्येक कळीखाली रबराच्या पट्टीत दोन काळे ठिपके असतात. कळ दाबताना ते एकामागून एक खालच्या पट्टीला टेकतात. दोघांच्या टेकण्यात किती वेळ गेला, त्यावरून कीबोर्ड जोर मोजतो. एक ठिपका मळला की हा हिशेब चुकतो, दोन्ही मळले की कळ मुकी होते. कीबोर्ड उघडून रबराची पट्टी आणि खालचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसला, पूर्ण वाळू दिला, की मेलेल्या कळी बहुतेक जिवंत होतात. गंज सोडवण्याचं तेल तिथे मारू नये. ते धूळ धरतं. फिरवल्यावर खरखरणाऱ्या बटणांसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. जॅक, पाच पिनांची सॉकेटं, ऑप्टो-आयसोलेटरची ६एन१३८ ही आयसी, असं सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत सुटं मिळतं. ते बसवणारे हातही तिथेच आसपास असतात.

खोलीबद्दल थोडक्यात. ‘मॉनिटर फार घुमतात’ किंवा ‘मॉनिटरला बासच नाही’ या तक्रारी एकाच जोडीबद्दल, एकाच घरात, खुर्ची सरकवली की ऐकू येतात. दहा बाय दहाच्या खोलीत दोन समोरासमोरच्या भिंतींत सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, आणि खोली चौरस असल्यामुळे दोन्ही दिशांना तोच घुमतो. खोलीच्या बरोबर मध्यभागी तो सूर जवळजवळ नाहीसा होतो. स्पीकर बदलून यात काही फरक पडत नाही. खोलीच्या मध्यावर बसू नये, स्पीकर भिंतीपासून पुढे घ्यावेत, कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या कराव्यात. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा उद्योग सोडून द्यावा. त्यांनी बास अजिबात कमी होत नाही, आणि ते पेट घेतात.

राहिला प्रश्न जुन्या यंत्रांचा. साउंड कार्ड धडधाकट असतं, पण कंपनी नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर देणं थांबवते आणि ते निरुपयोगी होतं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनाने ३२ बिटचे प्रोग्राम चालवणं बंद केलं, तेव्हा अनेकांची वर्षानुवर्षं जमवलेली वाद्यं एका रात्रीत उघडेनाशी झाली. म्हणून चालू असलेल्या स्टुडिओत, अल्बम अर्धवट असताना, संगणकाचं मोठं अपडेट घेऊ नये. जुन्या सिंथेसायझरच्या आत स्मृती टिकवणारी छोटी बॅटरी असते. ती संपली की स्वतः बनवलेले सगळे आवाज पुसले जातात, म्हणून ते आधीच मिडीमधून सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डम्प घेऊन संगणकात साठवावेत. इथे एक बारीक अडचण आहे. स्वस्त यूएसबी-मिडी वायरी असे लांबलचक निरोप मधेच तोडतात, त्यामुळे डम्प परत चढवून तो पूर्ण आला का ते तपासायलाच हवं.

नवं यंत्र घ्यायचंच झालं, तर दोन गोष्टी पाहाव्यात: ते स्वतंत्र ड्रायव्हरशिवाय, क्लास कम्प्लायंट पद्धतीने चालतं का, आणि मागे पाच पिनांचं मिडी सॉकेट आहे का. क्लास कम्प्लायंट यंत्र कंपनीने हात वर केले तरी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालत राहतं. पाच पिनांच्या सॉकेटातून तर १९८३ चा सिंथेसायझर आजच्या ऑक्टापॅडशी जोडता येतो, मधे ना ड्रायव्हर लागतो, ना संगणक.